गोळी खाऊन वेचलेला कापूस

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले. आता जेवणे झाली आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शेतकऱ्याचे आरोग्य' असे लिहिले आहे. म्हणजे डुलकी काढायला हरकत नाही, असाच त्याचा अर्थ. पण डुलकीच्या आधी एक काम करा. ज्यांची कंबर, गुडघा, मान किंवा खांदा तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस दुखतो आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका. या बाजूला बसलेल्या बायांमध्ये हात खाली असलेली मला एकही दिसत नाही. आता ज्यांनी या आठवड्यात दुखण्याची गोळी घेतली, त्यांनी हात तसेच ठेवा.

फार हात खाली आले नाहीत. तेव्हा आता कोणी झोपणार नाही असे धरून चालतो.

मी डॉक्टर नाही. माझी पदवी शेतीची आहे, आणि गेली काही वर्षे मी गावोगाव बैठका घेत हिंडतो. पिकाचा रोग ओळखायला शिकलो तेव्हा एक सवय लागली. पान पिवळे पडले की लगेच फवारा मारायचा नाही. मुळाशी पाणी साचले आहे का, जमिनीत काही कमी आहे का, हे आधी पाहायचे. पिकाच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पटते. आपल्या कमरेच्या बाबतीत मात्र सरळ फवारा.

आधी हे तीन महिन्यांचे प्रकरण काय आहे ते पाहू. दुखणे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. कारण साधी लचक, मुका मार या गोष्टी त्या मुदतीत भरून येतात. मग भरून आल्यावरही दुखते का? आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक रिले असतो. मोटारीवर जास्त भार आला की तो मोटार बंद पाडतो, म्हणून मोटार जळत नाही. पण रिले बिघडला, फार नाजूक झाला, तर भार नसतानाही तो मोटार पाडत राहतो. शरीरातल्या दुखण्याच्या यंत्रणेचे असे होऊ शकते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेचा निरोप जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ जात नाही. मज्जारज्जूत त्याला एक फाटक लागते. ते किती उघडायचे यात मेंदूचाही हात असतो. झोप, भीती, काळजी यांनी ते फाटक जास्त उघडे राहते. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली.

याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नाही. रिले बिघडलेला असला तरी मोटार खरोखरच बंद पडते ना? एक्स-रेमध्ये काही दिसले नाही म्हणून 'तुला काही झालेले नाही, सोंग करते' असे सुनेला ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातले काही आज इथेही असतील. त्यांनी हे नीट ऐकावे.

आता गोळीकडे येतो. एका गावात कापूस वेचणाऱ्या मावशीला मी विचारले, रोज गोळी कशाला घेता? ती म्हणाली, "भाऊ, गोळी नाई घेतली तं वेचा होत नाई, अन् वेचा नाई झाला तं चुल नाई पेटत." मजुरी किलोवर मिळते. कंबर सरळ करायला उभी राहिली की तेवढे किलो कमी. त्यामुळे चहाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात सुटी गोळी मिळते, ती काळ्या चहाबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची आणि वावरात जायचे. त्या मावशीला अक्कल शिकवायला मी गेलो नव्हतो. तिचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबरच होता. पण त्या हिशेबातली खर्चाची एक बाजू तिला कोणी सांगितलेली नव्हती.

गिधाडे आठवतात ना? पूर्वी ढोर मेले की आभाळात घिरट्या सुरू होत. ती गेली कुठे? २००४ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले की आजारी ढोराला डायक्लोफेनॅक दिलेले असले आणि ते ढोर मेल्यावर गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. आपल्या देशातल्या गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक संपल्या. २००६ साली ढोरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आपल्याकडे माणसांच्या दुखण्यावर सर्रास चालते ते हेच औषध. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, एका गोळीने त्याचे काही होत नाही. डॉक्टरने पाच दिवस दिली तर अवश्य घ्या. पण या जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. आणि इजा जास्त कोणाला होते? ज्याच्या अंगातले पाणी कमी झालेले आहे त्याला, ज्याला आधीच रक्तदाब किंवा साखर आहे त्याला. आपण उन्हात, घामात, पाणी न पिता या गोळ्या घेतो. बायका तर वावरात आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. याहून वाईट योग जुळवून आणायचा म्हटले तरी येणार नाही.

दुसरी चीज म्हणजे पुडी. बाजाराच्या दिवशी 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकतात. दोन दिवसांत गुडघा बंद, माणूस पळायला लागतो. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जी पुडी दोन दिवसांत चमत्कार करते तिच्याबद्दल शंका घ्यायची, एवढे पक्के धरा.

आता ताणाकडे वळू. 'टेन्शन घेऊ नका' असे सांगणारे लोक मला आवडत नाहीत. कर्जाचा हप्ता थकलेला, मुलीचे लग्न ठरलेले, बोंडअळी लागलेली, आणि हा म्हणतो टेन्शन घेऊ नका. मी कोण घेणारा, ते घरपोच येते!

पण ताण या शब्दाशी आपला फार जुना परिचय आहे. संत्र्याच्या बागेला आपण बहारासाठी ताण देतो. पाणी तोडतो, जमिनीच्या पोताप्रमाणे महिना-दीड महिना. पाने सुकतात, गळतात. पाहुणा बाग पाहून म्हणतो, झाड मेले तुमचे. मग आपण खत देतो, पाणी सोडतो, आणि झाड फुलाने भरून जाते. म्हणजे ताण वाईट नाही. ताणाला मुदत पाहिजे आणि ताणानंतर पाणी पाहिजे. आता समजा, पाणी तोडले आणि सोडलेच नाही. किंवा सोडले, पण अर्धा दिवस, आणि पुन्हा तोडले. त्या झाडाला बहार येईल काय? आधी फांद्या वाळतील, मग खोडाला कीड लागेल, आणि बाग उपटायची वेळ येईल तेव्हा आपण म्हणू, अळीने खाल्ली.

शरीराचे काम असेच चालते. अंगावर बैल धावून आला की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू आवळतात. ते जीव वाचवण्यासाठी असते. बैल गेला की सगळे खाली येते. सावकाराचा बैल मात्र जात नाही, तो दारातच बसून राहतो. मग स्नायू आवळलेलेच, दाब चढलेलाच, झोप उडालेलीच. मानेच्या, कमरेच्या आवळलेल्या स्नायूंवर आपण दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप वाहतो, आणि रात्री म्हणतो, पंपाने पाठ गेली. पंपाने गेलीच, पण एकट्या पंपाने नाही.

याचा एक चांगला अभ्यास शेतकऱ्यांवरच झालेला आहे. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी दोनदा गाठले. एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. माणूस तोच, कोडी त्याच प्रकारची. तोडणीआधी उत्तरे स्पष्टपणे कमी बरोबर आली. २०१३ साली हा अभ्यास छापून आला, त्यावर वादही झाले. संशोधकांनी आहार, श्रम, हाताशी असलेला वेळ ही कारणे तपासली आणि बाजूला ठेवली. तोडणीआधी शेतकऱ्यावर ताण जास्त होता हेही त्यांनी मोजले. पण डोके कमी चालले ते नुसत्या ताणाने नव्हे, तर पैशाची विवंचनाच डोक्यातली जागा अडवून बसते म्हणून, असे त्यांनी लिहिले. मी याचा अर्थ असा घेतो की ज्या महिन्यात आपल्याला सगळ्यात शहाणे निर्णय घ्यायचे असतात, बियाणे कोणते, कर्ज कोणाकडून, दुखण्यावर इलाज कोणता, नेमक्या त्याच महिन्यात आपले डोके गहाण पडलेले असते. शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याला तोडणीनंतर भेटावे.

आणि आयुष्याचे म्हणाल, तर इंग्लंडमध्ये लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून एक मोठा अभ्यास झाला. मायकेल मार्मट यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. सगळे पगारदार, उपाशी कोणीच नाही. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरचे नोकर सगळ्यात वरच्यांपेक्षा लवकर मरत होते, हृदयविकाराने तर कितीतरी जास्त. विडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब वजा केला तरी फरक पूर्ण मिटेना. पुढच्या अभ्यासात एक कारण पुढे आले ते असे की, आपल्या कामावर आपला ताबा किती. ज्याच्या हातात काही नाही त्याचे हृदय आधी थकते. आता सांगा, पावसावर ताबा नाही, भावावर नाही, विजेच्या वेळेवर नाही, असा नोकर लंडनच्या त्या कचेरीत एक तरी होता काय? तेव्हा सकाळच्या सत्रात जे चालले होते तेही आरोग्याचेच भाषण होते, असे माझे मत आहे. पण तेवढ्यावर थांबून 'भाव मिळेपर्यंत काहीच करता येत नाही' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशीही माझे जमत नाही. भाव मिळेल तेव्हा तो घ्यायला आपण जिवंत आणि चालते-फिरते असले पाहिजे.

झोपेचे पाहू. सलग झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे जास्त दुखते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे जिथे अजून कृषिपंपाला रात्रीची पाळी आहे तिथे माणूस रात्री दोनला उठून ओलिताला जातो. रानडुकरे आणि रोही यांच्यामुळे जागल आहेच. एकच माणूस हंगामभर जागलीला जातो, आणि तोच दिवसा डवरणीलाही असतो. काही गावांत चार शेजाऱ्यांनी पाळी लावून घेतली आहे, चौथ्या दिवशी एकाची जागल. याला सरकार लागत नाही, फक्त धुऱ्याचे भांडण मिटलेले असावे लागते. तेच अवघड आहे म्हणा.

आता आहार. व्हॉट्सअपवर रोज एक फळ किंवा एक बी गुडघे बरे करीत असते. मी तसे काही सांगणार नाही. हळद चांगली आहे, काही प्रयोगांत सांधेदुखीला थोडा उतार दिसला आहे, पण त्यांतली मात्रा वरणातल्या चिमटीपेक्षा पुष्कळ जास्त होती. जवसात चांगले तेल आहे, जवसाची चटणी अवश्य खा, पण तिने सांधा नवा होत नाही. अन्नाचे काम खतासारखे सावकाश आहे, फवाऱ्यासारखे नाही.

आपल्या ताटाचे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. घरोघरी ज्वारी होती. आता खरिपात कपाशी आणि सोयाबीन. ज्वारी पाखरे खातात, डुकरे लोळवतात, भाव नाही, म्हणून गेली. रेशनवर गहू-तांदूळ येतो. तो वाईट नाही, त्याने भूक टळली. पण भाकर-वरण-भाजी यांतून जे मिळत होते ते पोळी, पातळ रस्सा आणि गोड चहा यांतून मिळत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, तुरीत ते भरपूर. तुरीत जे कमी ते ज्वारीत असते. भाकरीवर वरण वाढणाऱ्या आजीला हे नाव माहीत नव्हते, जोडी माहीत होती. आज तूर आपण पिकवतो, सगळी अडत्याकडे घालतो आणि दोन महिन्यांनी डाळ किलोच्या भावाने विकत आणतो. तीही पातळ करून, आणि घरातली बाई शेवटी जेवते तेव्हा भांड्यात वरचे पाणी उरलेले असते.

चाळिशीनंतर स्नायू झडायला लागतात. मांडीचा स्नायू गुडघ्याचा बैलजोडीसारखा भार ओढतो. तो झडला की सगळा भार हाडावर. त्याला डाळ, दूध, अंडे, चणे, शेंगदाणे पाहिजेत आणि थोडा व्यायाम पाहिजे. उलट ज्यांचे वजन वाढले आहे, बाजार समितीच्या ओट्यावर बसणारे आमचे काही मित्र आहेत, त्यांच्यासाठी एक मोजलेला आकडा: वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसाची पावले तुम्हीच मोजा.

पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात, थकवा जात नाही, याला पुष्कळदा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोनतृतीयांश जणींत ब-१२ कमी निघाले. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते, भाजीपाल्यातून नाही. ज्याच्या गोठ्यातले सगळे दूध डेअरीला जाते त्याच्या घरात हे कमी असेल तर नवल नाही. रक्त तपासून डॉक्टरने गोळी दिली तर हे स्वस्तात सुधारते. रक्त कमी असेल तर जेवणाबरोबर चहा नको, चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

रानभाज्यांचे एक राहिले. तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी. तणनाशक मारलेल्या वावरात पहिल्या तीन उगवत नाहीत. तणनाशक मारू नका असे मी म्हणत नाही, निंदणाला माणूस मिळत नाही हे मला ठाऊक आहे. पण घराजवळचा एक धुरा सोडा. अंबाडीच्या दोन ओळी आणि भाकरीपुरती ज्वारी तिथेच लावा, पाखरांचा वाटा धरून. आणि खर्रा! खर्ऱ्याने भूक मरते, माणूस दुपारपर्यंत खात नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाने घरे बसतात. त्यावर अधिक बोलणार नाही, कारण मंचावरचे दोघे-तिघे माझ्याकडे रागाने पाहू लागले आहेत.

एक गोष्ट आहार आणि ताण या दोन्हींच्या आधी तपासायची आहे, ती म्हणजे पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. दातांवर तपकिरी डाग, मान वळत नाही, कंबर ताठरते, तरुण माणूस म्हाताऱ्यासारखा चालतो. त्याला योगासन सांगून काय होणार? लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असेल तर ते पाणी पिऊ नये. दूध-दह्याचा, कॅल्शियमचा आहार असेल तर इजा थोडी कमी होते, पण खरा उपाय पाणी बदलणे हाच. माती परीक्षणाला आपण पाकीट भरून माती पाठवतो, पिण्याच्या पाण्याची बाटली कोणी पाठवत नाही.

कंबर धरली की खाटेवर पडून राहण्याची आपल्याकडे रीत आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेच्या नोकरांवर प्रयोग झाला, १९९५ साली छापून आला. नुकतीच कंबर धरलेल्या लोकांत काहींना दोन दिवस झोपवून ठेवले, काहींना व्यायाम दिला, काहींना सांगितले की झेपेल तेवढे रोजचे काम करत राहा. शेवटचे लोक सगळ्यात लवकर बरे झाले. मात्र पायातली ताकद जाते आहे, लघवी-संडासचा ताबा सुटला आहे, ताप आहे, वजन उतरते आहे, दुखण्याने रात्री जाग येते, असे काही असेल तर काम नाही आणि खाटही नाही, सरळ दवाखाना.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. ही वाढलेली वर्षे देवी, मलेरिया, हगवण आणि दुष्काळ यांच्याकडून जिंकून घेतलेली आहेत. ती खाटेवर कण्हत घालवायची की वावरात फिरत, हा आपल्या पिढीचा प्रश्न आहे.

आता कामाचे बोलतो. वेचणीच्या हंगामात प्रत्येक गावच्या शाखेने मजूर बायांशी आणि शेतमालकांशी बसून दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. ओळीच्या टोकाला कमरेची झोळी रिकामी करायची, भरून ओथंबेपर्यंत ओढायची नाही. आणि वावरात पिण्याचे पाणी व एक आडोसा. आडोशाला चार बांबू आणि एक जुने लुगडे लागते. मालकाला खर्च काही नाही, आणि बाया पाणी पिऊ लागतील.

दुसरे, ज्याच्या घरात जप्तीची नोटीस आली आहे, जो बैठकीला यायचा बंद झाला आहे, जो म्हणतो 'काही नाही, नुसती पाठ दुखते', त्याच्या घरी दोघांनी जाऊन बसायचे. भाषण करायचे नाही, चहा प्यायचा. पाठ दुखते म्हणतो तेव्हा पाठीबद्दलच विचारायचे. बाकीचे तो सांगेल, नाही तर त्याची कारभारीण सांगेल. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येते. हा क्रमांक शाखेच्या फलकावर लिहा. जीव द्यायची भाषा कोणी केली तर मात्र क्रमांक देऊन परत यायचे नाही. त्याला एकटे सोडायचे नाही, घरातली फवारणीची औषधे उचलून शेजाऱ्याकडे ठेवायची आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यायचे.

तिसरे, पुढच्या बैठकीला येताना गावातल्या पिण्याच्या प्रत्येक बोअरची एक लिटरची स्वच्छ बाटली घेऊन या, त्यावर बोअरचे ठिकाण आणि तारीख लिहा. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोचवायचे काम मी करतो. फक्त शीतपेयाची गोड बाटली तशीच भरून आणू नका, धुऊन आणा.